भावोजींची उडती टॅक्सी

माझ्या धाकट्या दिरांइतका चौकस माणूस आमच्या कल्याणजवळच्या मोहन्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर घरातली प्रत्येक वस्तू खोलून पाहिली. मिक्सर तर दोनदा. गेल्या वर्षी मोबाइलवर त्यांना उडती टॅक्सी दिसली आणि मिक्सर सुटला. कल्याणहून ठाण्याला ती किती वेळात जाईल, हाय टेन्शनच्या तारा कशा चुकवेल, बॅटरी मधेच संपली तर खाडीत उतरेल का, सगळं मला विचारत. मी चौथी शिकलेली. मी म्हणायचे, “भावोजी, आधी इथली रिक्षा मीटरने चालवून दाखवा.” तरी त्यांनी गच्चीवर चुन्याने मोठा गोल आखला आणि वाळत घातलेल्या माझ्या मिरच्या खाली आणून ठेवल्या.

मग माझ्या नातीला बघायला ठाण्याची माणसं आली. नात भावोजींच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. मुलगा तिला पसंत होता, स्थळ हातचं जायला नको होतं. पाहुणे रस्त्यात अडकून तीन तास उशिरा पोचले, वैतागलेले. पोहे पुढे करतेय तोच भावोजींनी भाताची पोती तोलायचा आमचा जुना लोखंडी काटा ओढत आणला आणि मुलाच्या आईला म्हणाले, “ताई, जरा यावर उभ्या राहा.”

बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. नात रडवेली झाली.

“मला कशाला तोलताय?” बाई कडाडल्या.

“उडत्या टॅक्सीत चौघंच बसतात, तेही वजन बघून. पोरीला भेटायला मी एकटा येईन. पण तुम्हा सगळ्यांना इकडे जेवायला आणायचं तर किती फेऱ्या लागतील, ते बघतोय.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, पदर खोचला आणि काट्यावर चढल्या. “आकडा मोठ्याने वाचायचा नाही हं!”

लग्न ठरलं, झालंही.

नात सासरी जाऊन चार महिने झाले. टॅक्सी काही आली नाही. तिच्या इमारतीच्या गच्चीवर नुसत्या टाक्या आणि सोलर, उतरायला जागाच नाही, हे भावोजींनी फोनवर विचारून घेतलंय. काल सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

“रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा,” मी म्हटलं. “अर्धा दिवस जाईल.”

“जाऊ दे, वहिनी. मला कुठे ड्युटीवर जायचंय?”

मी त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि साडी बदलायला आत गेले.