शेवंतीचं कोरं पान

सुमतीबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघणार आहे, तर तुम्हीही चार शब्द सांगा, असा निरोप आला. मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मध्येच काही शहाणपणाचं वाक्य आलं तर ते तिचं समजावं.

बाईंची नि माझी पहिली भेट मिरकरवाडा बंदरावरच्या बालवाडीत झाली. बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची खोली होती, तिथे मी मदतनीस होते. बाई दापोलीकडच्या, जन्मात मासळी न चाखलेल्या. पहिला आठवडा त्यांनी नाकाला पदर लावून शिकवलं. मुलांना वाटलं, बाईंची दाढ दुखते आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाला लावलं.

"मावशी, मूल आत आलं की त्याचे हातपाय तुम्ही धुवायचे. पार कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत."

"बंदरावरची पोरं ती, बाई. धुवून वास जायचा नाही हो."

"वासासाठी नाही. धुता धुता बघायचं."

बघायचं म्हणजे काय, ते त्यांनी वहीत दाखवलं. प्रत्येक मुलाचं एक पान. मला वाचता येत नाही म्हणून नावाशेजारी खूण काढलेली, कुणाची होडी, कुणाचं फूल. खाली एक बाहुली पुढून, एक पाठीकडून. मुलाच्या अंगावर वळ, भाजल्याची खूण, काही दिसलं की बाहुलीवर त्याच जागी मी पेन्सिलीने टिंब करायचं. अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हाती पेन्सिल देणाऱ्या दुसऱ्या कोणी मला भेटल्या नाहीत.

बाईंच्या मायेबद्दल एकच सांगते. मला विषमज्वर झाला, तोंडाची चव गेली. बाई घरी आल्या नि माझ्या सांगण्यावरून नाकाला पदर बांधून त्यांनी स्वतः सुकटीची चटणी केली. चटणी वाईट झाली होती. मी सगळी खाल्ली.

आता शेवंतीचं. तेवढ्यासाठीच मी हे सांगायला बसले.

शेवंती चार वर्षांची. आई गेलेली, बाप मुंबईला, पोर चुलतीकडे. एका सकाळी पाय धुताना तिच्या पोटरीवर मला भाजल्याची खूण दिसली. आमच्याकडे पोर पोटदुखीने आजारी पडलं की सळई तापवून डाग देतात, ते औषधच समजतात. मला वाटलं, तसलाच असेल. मी पान कोरं ठेवलं.

बाईंनी विचारलं, "मावशी, पोटरीवर काय आहे तिच्या? टिंब नाही केलंत?"

"औषधाचा डाग हो तो. माझ्या पोटावरपण आहे. दाखवू?"

बाई हसल्या. मीही हसले. ते हसणं अजून माझ्या कानातून जात नाही.

तिच्या बाकीच्या गोष्टीही दिसत होत्या. घरी जायच्या वेळी ती दाराच्या खांबाला मिठी मारायची. मुलांचा खाऊ शिजवताना मी चुलीपाशी सांडशी उचलली की तिची चड्डी ओली व्हायची. मी म्हणायची, "काय गो, एवढी घोडी झालीस नि लाज नाही?" मग एक दिवस तिचा उजवा पाय धुवायला घेतला, तर तळव्याला डाग. तळव्याला कोणी औषधाचा डाग देत नाही. मी बाईंना हाक मारली. बाईंनी खाली बसून पाय हातात घेतला नि डाग नीट बघितला.

त्या संध्याकाळी बाई सरळ तिच्या घरी गेल्या. चुलतीने चहा दिला, गोड बोलली. "वांड आहे हो बाई, चुलीत पाय घालते." दुसऱ्या दिवशी शेवंती आली नाही. चौथ्या दिवशी कळलं, आजोळी धाडली, मंडणगडकडे. आम्ही दोघी एसटीने गेलो, थांब्यापासून चढण चढून त्या वाडीत पोचलो. तिथे म्हणाले, इकडे कोणी पोर आलीच नाही. चौकीवर सांगितलं, तर "घरातली बाब आहे, बाई, तुम्ही आपलं शिकवा." बापाला पत्रं धाडली, उत्तर नाही.

तेव्हापासून बाईंनी रीत बदलली. खूण दिसली की आधी घरी जायचं नाही. मुलाला चारचौघांत खोदून विचारायचं नाही. त्याला एवढंच सांगायचं, तुझी काही चूक नाही. मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवायचं, नात्यातलं एक भरवशाचं माणूस शोधायचं, आणि ते मिळेपर्यंत घरी अक्षर बोलायचं नाही. या रीतीने एक मुलगा सुखरूप आपल्या आजीकडे पोचला. त्याबद्दल बाईंचं कौतुक केलं तर त्या विषय बदलतात. बाकीची किती पोरं आमच्या हातून धुवून निघाली नि आम्हाला काही दिसलं नाही, ते देवाला ठाऊक.

नव्या बालवाडीताईंना शिकवताना बाई शेवंतीची गोष्ट दरवेळी सांगतात, आणि "चूक माझी झाली, मी घाईने घरी गेले" असं म्हणतात. माझ्या कोऱ्या पानाबद्दल आजवर एक शब्द बोलल्या नाहीत. मी मागे बसून ऐकते. आज या पुस्तकात लिहून ठेवा, पहिली चूक माझी. गौरव बाईंचा आहे, तर त्यांच्या डोक्यावरचं माझं ओझं निदान उतरू दे.

ते पान बाईंनी जपून ठेवलं आहे. दोन टिंबं मी मागाहून केली. तेव्हा पोर जाऊन महिना झाला होता.

बाईंना खूप आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, आणि मुख्य म्हणजे डोळे. माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. शेवंती जगली असेल तर बारा वर्षांची असेल, आणि तिला रस्ता माहीत आहे तो एका बालवाडीचाच. आलीच कधी, तर चेहरा बाईंनी ओळखावा. पाऊल मी हाताने चाचपून ओळखीन.