नालीतून गेलेला शेंदूर

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तिचा मुलगा दिनू नरखेडहून बोलत होता. रडला नाही. "माय गेली, ताई. आता तिचं ते म्हणणं... काय करू?" एवढंच म्हणाला. मावशीला आपली राख नागनदीत हवी होती. होय, त्याच नागनदीत, जिच्या पुलावरून आपण नागपूरकर नाक दाबून गाडी पळवतो. म्हातारी विसरेल, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. ती कसली विसरते!

तिच्या संत्र्याच्या बागेजवळ गावची देवी होती, मातामाय. शेंदराचा हा एवढा गोळा आणि त्यात बसवलेले चांदीचे डोळे. लग्न होऊन आली तेव्हापासून मावशी दर मंगळवारी तिला तेलात कालवलेला शेंदूर लावायची. मावसा आजारी पडला तेव्हा मातामायशी भांडली, तो गेला तेव्हा अबोला धरला... आणि पुढच्या मंगळवारी मुकाट्यानं वाटी घेऊन निघाली. थरावर थर चढून शेंदराची खोळ जड झाली, की एखाद्या दिवशी आपसूक गळून पडते. मग अख्खं गाव डफ वाजवत ती नदीला पोचवतं. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, घरचंच माणूस गेल्यासारखं असतं.

रस्ता रुंद करायचा निघाला आणि मातामायचा ओटा गेला. मूर्ती जुनी आहे म्हणून ती नागपूरच्या एका संग्रहालयात नेली. मावशीनं तेही गोड मानलं, "सोय झाली तिची" म्हणाली. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. पट्टी सुटली तशी म्हणाली, "पयले मातामायकडे ने मले."

खण-नारळ संग्रहालयाच्या दारातच पहारेकऱ्यानं ठेवून घेतले. आत काळ्या दगडाचा देखणा पुरुष उभा होता. चार हात, शंख, चक्र, ओठांवर हसू, खाली पाटी : विष्णू. खोटं कशाला बोलू, मला मूर्ती फार आवडली. मावशी तिच्या मागेसुद्धा जाऊन पाहून आली. "हा कोन होय वं? माही माय कोठी गेली?"

तिथले साहेब भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, शेंदराखाली हाच होता. इतकी वर्षं तुम्ही विष्णूचीच पूजा करत होता."

"दगड असन तुमचा विष्णू," मावशी म्हणाली. "माहा हात दगडाले कधी लागलाच नाई, शेंदरालेच लागला. तो कोठी ठेवला?"

साहेब म्हणाले, "धुऊन काढला. पाणी नालीत गेलं." नाली कुठं जाते, तेही तिनं विचारून घेतलं : नागनदीत.

रडली असती तर बरं झालं असतं. ऑटोत म्हणाली, "डफ नाई, हळद नाई. संडासच्या पाण्यात एकटीच गेली वं ते." मी आपलं शहाणपण केलं, नागनदी पुढे कन्हान नदीला मिळते, म्हणजे मातामायही नदीला पोचली असेलच म्हणाले. "मंग मलेबी त्याच वाटेनं पाठवा," ती म्हणाली. त्यानंतर तिनं कुठल्याच देवाला हात जोडले नाहीत. देव्हाऱ्यात दिवा सून लावायची. मंगळवारी मावशी नुसती बसून राही, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखी. तशीच ती खंगत गेली.

मला राग येतो, आणि तो काढावा कुणावर ते कळत नाही. संग्रहालयानं मूर्ती राखायची, ती त्यांनी राखली. पण मूर्ती घडवणाऱ्याचं म्हणणं पाटीवर आलं आणि तिच्यापाशी जन्मभर रडलेल्या बायकांचं म्हणणं घाण ठरलं, हे मला आजही पचत नाही.

भावकीनं अस्थी रामटेकला न्यायचं ठरवलं होतं. "मायले नालीत टाकतं काय गा?" म्हणून चुलता दिनूच्या अंगावर धावून आला. दिनूनं मडकं घेतलं आणि सरळ नागपूरची एस.टी. धरली. पुलाखाली काठाशी उभं राहून आम्ही राख सोडली. ती पुढे जाईना. फेसावर अन् प्लास्टिकच्या पन्न्यांवर अडून तिथंच राहिली. दिनूनं चपला काढल्या, त्या काळ्या पाण्यात गुडघाभर उतरला आणि दोन्ही हातांनी ती पुढे लोटू लागला. मी काठावरून म्हणत होते, झालं रे, बस कर आता... तो काही ऐकत नव्हता.