जास्तीचा ‘अ’

पार्ल्यात आमच्या गल्लीत एक वाचनालय होतं. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत रविवारी संध्याकाळी सगळे टीव्हीवरच्या सिनेमाला बसायचे, म्हणून वाचनालयाची व्याख्यानं शनिवारी व्हायची. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते म्हणून सेक्रेटरीकाकांनी मला धरलं. मी विषय दिला, ‘आरंभीच्या ख्रिस्ती विचारातला ज्ञेयवाद’.

शनिवारी पोहोचले, तर दारातल्या फळ्यावर ठळक खडूने लिहिलेलं, ‘अज्ञेयवाद : देव आहे का?’

“काका, हे काय?”

“तुझा ‘अ’ राहिला होता गं, मी घातला. आणि ते ख्रिस्ती वगैरे काढलं. उगाच माणसं येत नाहीत.”

माणसं भरपूर आली होती. पुढे बहुतेक नास्तिक, मागे भजनी मंडळ. दोघंही भांडायच्या तयारीत.

मी आधी ‘अ’ निस्तरला. अज्ञेयवादी म्हणतो, देवाबद्दल काही कळणं शक्य नाही. हे ज्ञेयवादी म्हणत, कळतं, आणि कळणं हीच सुटका. ग्रीकमध्ये ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. पुस्तकी नव्हे, आतून उमगलेलं. ख्रिस्तानंतरच्या दुसऱ्या शतकात असे बरेच गट होते. त्यांतल्या अनेकांच्या मते हे जग परमेश्वराने केलेलंच नाही, एका दुय्यम, अडाणी निर्मात्याने केलं. माणसाच्या आत मात्र परमेश्वराची ठिणगी अडकून पडलीय. येशू आला तो तिची जाणीव करून द्यायला.

“म्हणजे आपला वेदांतच की!” पहिल्या रांगेतले निवृत्त इंजिनीयर म्हणाले.

“नाही हो. वेदांतातला ईश्वर अडाणी नाही.”

“शब्द वेगळे, अर्थ तोच.”

“वेदांत हेच मुळात थोतांड!” शेजारचे गृहस्थ ताडकन उठले.

झालं, वाट लागली. मागून बायका ओरडायला लागल्या. मी खडू हातात धरून उभी. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. आठवडाभर काढलेली टिपणं मला भिरकावून द्यावीशी वाटली. काका मात्र चहा वाटत खुशीत म्हणाले, “झकास रंगलंय!”

आवाज जरा खाली आला, तेव्हा कोपऱ्यातल्या एका बाईंनी हात वर केला. अंधेरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती शिक्षिका. म्हणाल्या, “जगच चुकलेलं म्हटल्यावर त्यांना मूल जन्मणं वाईट वाटायचं का?”

संध्याकाळचा पहिला खरा प्रश्न. मी म्हटलं, काहींना वाटायचं, ते लग्नच टाळत. काही इतरांसारखेच संसार करत. त्यांच्याबद्दल बरंचसं त्यांच्या विरोधकांनीच लिहून ठेवलंय, त्यामुळे जपून बोलावं लागतं. चर्चचं म्हणणं मात्र ठाम होतं, सृष्टी देवाची आहे आणि चांगली आहे. खरं भांडण तिथेच होतं.

“मग मी चर्चच्या बाजूने,” त्या म्हणाल्या. “माझी नात नुकतीच रांगायला लागलीय.”

“वेळ संपली, आभार,” काकांनी टेबल वाजवलं.

मी त्या बाईंना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. उरलेलं व्याख्यान तिथे उभं राहून दिलं. त्यांनी दोन बसगाड्या सोडल्या आणि वादही घातला, पण मला प्रत्येक वाक्य पुरं करू दिलं.