चार रंगांच्या ब्रिगिता बाई

एका नावाजलेल्या चित्रकार बाईंच्या चित्रावर मी एकदा गुपचूप काळा रंग लावला होता.

त्या बाई काल गेल्या.

ब्रिगिता. स्वीडनच्या. वय एक्क्याऐंशी. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा मेसेज आला, तो मी दुकानात उभ्याउभ्या तीनदा वाचला.

तिकडे त्यांचं नाव मोठं. मंत्री, न्यायाधीश, गायिका, सगळ्यांची पोर्ट्रेट्स त्यांनी केलेली. मस्कतमध्ये मात्र कुणाला पत्ता नव्हता. मुलगी इथे नोकरीला, म्हणून २०१३ पासून दर हिवाळ्यात त्या अल् खुवैरला तिच्या फ्लॅटवर येऊन राहायच्या.

मी मस्कतच्याच रुवीत, फ्रेमच्या दुकानात. त्याआधी संगमेश्वरला दुकानांच्या पाट्या रंगवायचो.

पहिल्यांदा आल्या त्या कॅनव्हास ताणून घ्यायला. मी ताणून दिला. त्यांनी बोटानं टिचकी मारली, कान लावला आणि ढिला म्हणून परत दिला.

दुसऱ्यांदाही परत.

तिसऱ्यांदा मान हलवली. तेव्हापासून बाईंचं सगळं काम माझ्याकडे.

बाई चारच रंग वापरायच्या. पांढरा, मातकट पिवळा, लाल, काळा. बस्स.

मी विचारलं, निळा कुठाय? त्यांनी काळ्यात पांढरा मिसळला आणि त्या पिवळ्याच्या शेजारी एक फटकारा मारला.

"निळा आहे की," मी म्हणालो.

"नाही. तुला तो दिसतोय फक्त."

(दोघांचंही इंग्लिश मोडकं. इथे मराठीत लिहितोय.)

फोटोवरून त्या कधीच काढायच्या नाहीत. माणूस समोर बसायला हवा आणि बोलायला हवा. तो बोलत राहायचा, त्या जाड ब्रशनं भराभर मारत राहायच्या. जवळून बघाल तर नुसते फटकारे. चार पावलं मागे गेलात की माणूस.

अशातच एका कंपनीच्या म्हाताऱ्या चेअरमनचं काम आलं. आपलेच, इंडियन. ते रिटायर होणार होते आणि चित्र ऑफिसात लागणार होतं. चेअरमन तीनदा बसले, बाईंनी चित्र पूर्ण केलं.

मॅनेजरला ते पसंत पडेना. केस काळे हवेत, डोळ्यांखालच्या पिशव्या नकोत. बाईंनी सांगितलं, जो माणूस येऊन बसला तोच मी काढलाय.

मग चित्र फ्रेमिंगला माझ्याकडे आलं आणि मागोमाग मॅनेजर आला. निदान केस तरी काळे कर म्हणाला. आमचे अर्बाब, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, मोठं गिऱ्हाईक आहे, करून टाक, खलास.

खरं सांगतो, नुसतं त्यांनी सांगितलं म्हणून नाही केलं. माझ्याच हाताला खाज होती. बाईंच्या ब्रशशेजारी आपला ब्रश खपतो का, बघायचं होतं.

दुपारी दुकान बंद असताना बसलो. कानशिलावरचे केस एकेक करून काळे केले, अगदी नीट.

मागे सरकून पाहिलं. चेअरमननी केसांचा टोप घातल्यासारखं वाटत होतं.

पुसायला घेणार, तोच साडेचारला बाई दारात.

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ओरडणार.

"ब्रश कोणता वापरलास?"

मी दाखवला.

"फार बारीक."

टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून त्यांनी हलक्या हातानं माझा काळा पुसला. खालचं त्यांचं काम वाळलेलं होतं, ते जसंच्या तसं राहिलं. मी सॉरी म्हणालो. मॅनेजरनं सांगितलं, अर्बाबनं सांगितलं, सगळं सांगून टाकलं.

"आणि तू?"

"मलाही करायचं होतं."

बाई हसल्या. दुकान दणाणेल अशा. मग स्टूल ओढून समोर बसल्या.

"मग माझं काढ. दुसऱ्याच्या चित्रात कशाला शिरतोस?"

काढलं. नाकाचा बटाटा झाला. बाई बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, डावा कान चांगला आलाय.

मॅनेजरला मी कळवलं, चित्राला हात लावणार नाही. अर्बाब दोन दिवस बोलले नाहीत. ऑफिसनं फोटो मोठा करून लावला आणि चित्र माझ्याकडे भिंतीकडे तोंड करून पडलं.

आठवड्यानं चेअरमनच्या मिसेस स्वतः आल्या. चित्र वळवायला लावलं आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या.

"घरी हे असेच दिसतात," त्या म्हणाल्या. "ऑफिसवाल्यांनी यांना निवांत बसलेलं कधी पाहिलंच नाही."

साधी लाकडी फ्रेम निवडली आणि चित्र घरी घेऊन गेल्या.

बाईंना हे सांगितलं तर त्यांनी मला चक्क मिठी मारली. भर रुवीत!

पुढचे चार हिवाळे शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही दोघं रुसैलला जायचो, कामगारांच्या कॅम्पवर. माझा चुलतभाऊ तिथे राहतो. लोक इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसायचे. प्रत्येकाची एकच विनंती, जरा बरा काढा. बाई मान डोलवायच्या आणि आहे तसाच काढायच्या.

खेडच्या एका वेल्डरनं आपलं चित्र मोबाईलवर घरी पाठवलं. बायकोचा लगेच फोन. एवढे बारीक झालात?

इतके दिवस तो सेल्फी पाठवत होता. तिला कधी कळलं नव्हतं.

गेली दोन वर्षं गुडघ्यांमुळे बाई आल्या नाहीत. मी माझ्या चित्रांचे फोटो पाठवायचो. एका ओळीचं उत्तर यायचं. हनुवटी घाईत केलीस. पाठ छान बसली. पुन्हा कर.

मुलीनं लिहिलंय, घरी येणारी नर्स बाईंसमोर बसायची. परवा बाई दमल्या, ब्रश ठेवला आणि तिला म्हणाल्या, उद्या हाच स्वेटर घालून ये, एक बाही राहिलीय.

आज शुक्रवार. रुसैलला तिघं माझ्यासमोर बसणार आहेत. हे पोस्ट केलं की निघतोय.

ब्रिगिता बाई, खूप दिलंत. माझा मनापासून नमस्कार.