शकूचा बांध

माणूस जातो, पण त्याचं कार्य अचल राहतं. हे वाक्य माझं नाही. शकूच्या शोकसभेत प्रमुख पाहुण्यांनी ते दोनदा उच्चारलं आणि दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज दाटून आला. डॉ. शकुंतला पाटील यांनी ‘वायरिंगच्या क्षेत्रात’ कोल्हापूरचं नाव उज्ज्वल केलं, असंही ते म्हणाले. मी सवयीनं शेजारी वळले. असलं काही ऐकलं की आम्ही दोघी एकमेकींना कोपर मारायचो. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स होती.

वायरिंगची चूक तशी जुनी. शकू पदार्थविज्ञान शिकवायची आणि प्रयोगशाळेत केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक तारांवर संशोधन करायची. ‘बाई तारांचं काम करत्यात’ एवढंच बावड्यातल्या तिच्या गल्लीला समजलं होतं, म्हणून तिच्या दारात बिघडलेले मिक्सर यायचे. शकू ते मुकाट्यानं उघडून दुरुस्त करायची आणि परत देताना सुनवायची, “जरा पाणी घालून वाटा की! कोरडं खोबरं किती रगडाल?”

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचे. एकदा स्टाफरूममध्ये येऊन तिनं विचारलं, डोमेन वॉलला मराठीत काय म्हणायचं? मला आधी ती भानगड समजायला हवी होती. तिनं सांगितलं, चुंबकीय तारेत पट्टे असतात. एका पट्ट्यातल्या अदृश्य सुया सगळ्या पूर्वेला तोंड करून, शेजारच्या पट्ट्यातल्या पश्चिमेला. दोघांमधली हद्द म्हणजे डोमेन वॉल. तारेला विजेचा झटका दिला की ही हद्द सरकते. हवी तिथं थांबवता आली तर तिथं माहिती साठवता येते, आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. मी बराच विचार करून ‘प्रक्षेत्रभित्तिका’ असा शब्द दिला.

“मास्तरीण, हे कुठल्या देवीचं नाव हाय?” शकू म्हणाली. “आणि भिंत कुठं सरकती व्हय गं? सरकतो त्यो बांध.”

बांध कसा सरकतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दर नांगरटीला चुलते तिच्या वडिलांच्या बाजूनं बांध थोडा कोरायचे, आणि ‘आम्ही न्हाय बा, पावसानं खचला’ म्हणायचे. शेवटी वडिलांनी बांधात एक मोठा दगड पुरला. तारेला शकूनं जी बारीक खाच पाडली, ती म्हणजे तो दगड. हद्द तिथं येऊन अडकावी, एवढीच तिची इच्छा. ती अडकायची नाही. कधी खाच ओलांडून जायची, कधी अलीकडेच रेंगाळायची, आणि शकू सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघत ओरडायची, “थांब की!” मी तिच्या घरून निघाले की दारात उभी राहून मलाही हेच, याच आवाजात. मग मी आणखी एक चहा घ्यायचे…

आजारपण आलं तेव्हाही तिला घाई होती ती त्या खाचेची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. एका दुपारी तिनं मला रिक्षा आणायला लावली आणि माझ्या खांद्याला धरून प्रयोगशाळेचा जिना चढली. पडद्यावर अर्धा काळा, अर्धा पांढरा पट्टा. झटका दिला, हद्द सरकली, खाचेपाशी थांबली. मागं नेली, पुन्हा सोडली, पुन्हा तिथंच. शकू बराच वेळ तसंच करत राहिली. ओरडली मात्र नाही. “थांबला गं,” एवढंच हळू म्हणाली.

ती तार जिच्यावर बसवली होती ती नखाएवढी चकती तिनं हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून मला दिली. “जप. ह्याला वीज लागत न्हाय, खायला लागत न्हाय. फकस्त लोहचुंबकापास्नं लांब ठेव.” दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी मी उठले तेव्हा तिनं डोळे न उघडता म्हटलं, “थांब की.” मी थांबले… पहाटे तीच निघून गेली. हे दोन शब्द मी तिला म्हणायला हवे होते, असं आता वाटतं. त्या शब्दांनी ती थांबली असती असं नाही. तिची हद्दसुद्धा तेवढ्यानं कधी थांबली नव्हती.

डबी मी फ्रिजवरच्या शोभेच्या लोहचुंबकांपासून लांब, बाहेरच्या खोलीत, रेडिओला टेकवून ठेवली आहे. शकूला सकाळची गाणी आवडायची. रोज रेडिओ लावते, समोर बसून चहा घेते. वीज जाते, रेडिओ गप्प होतो, आणि त्या डबीत काहीतरी जिथल्या तिथं उभं आहे या विचारानं मी उगाच बसून राहते.

परवा तिचे सहकारी देसाई सर भेटायला आले. डबीत काय आहे ते मी त्यांना सांगितलं. रेडिओच्या स्पीकरमध्ये चांगलं मोठं लोहचुंबक असतं, असं त्यांनी सांगितलं. बांध बहुधा पहिल्याच आठवड्यात सरकला असणार.