पंचिंगच्या खिडकीपाशी बावीस जण

वर्षाली आमच्या खंडूची मुलगी. खंडू आणि मी पिंपरीतल्या एकाच कंपनीत, एकाच शेडमध्ये सत्तावीस वर्षं लेथ मशीनवर होतो. तो जाऊन चार वर्षं झाली. वर्षाली चाकणच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग करते. सकाळी सहाची बस, परत यायला सात. रविवारी मात्र ती इमारतींचे फोटो काढते.

फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं मला वाटायचं. एकदा तिच्याबरोबर पिंपळे सौदागरला गेलो. एका सोसायटीसमोर तिनं कॅमेऱ्याची तिपाई रोवली आणि चार वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो घेतला. मग आठवडाभर ते सगळे कॉम्प्युटरवर एकमेकांत बसवले. तयार चित्रात डावीकडच्या खिडक्यांत ऊन होतं, मधल्यांत तिन्हीसांज, उजवीकडे दिवे. एकाच भिंतीवरून अख्खी संध्याकाळ सरकत गेलेली. दुसऱ्या एका चित्रात टॉवर पवना नदीच्या पाण्यात मुळं सोडून उभे होते. सांधा कुठं दिसतो का, मी बारकाईनं शोधलं. सापडला नाही. तेव्हापासून तिच्या कामाला मी हलकं लेखलं नाही.

यंदा जानेवारीत कळलं, आमची बंद पडलेली शेड सोमवारपासून पाडणार. वर्षालीला त्या शेडचं चित्र हवं होतं, बाबा असलेलं. कंपनीत कॅमेऱ्याला बंदी असायची. खंडूचा कामावरचा एकही फोटो नाही. तिनं आधी एका लग्नातल्या फोटोतून त्याला कापून शेडच्या दारात उभा केला आणि मला दाखवला.

"चिकटवलेला दिसतो," मी म्हणालो.

तिनं तो फोटो बंद केला. मग म्हणाली, "काका, तुमची माणसं गोळा करा. शिफ्ट सुटल्यासारखं चालायचं. मी शेकडो फोटो घेऊन एकावर एक ठेवीन. चालणारी माणसं पुसट होतात, त्यांचा धूर होतो. त्या धुरात बाबा असतील असं वाटलं तरी पुरे."

शनिवारी आम्ही बावीस जुने कामगार शेडवर आलो. रखवालदारानं अर्धा तास दिला. वर्षालीनं खडूनं खुणा करून तिपाई लावली.

"एकामागे एक गेटपर्यंत जायचं. मध्ये थांबू नका. थांबलात की डाग पडतो."

"थांबायला आता पगार कोण देतंय?" ज्योतीराम म्हणाला.

"पगार हुता तवाबी तू थांबूनच असायचा," चिखलीचे कोंडाजी म्हणाले. "चल म्होरं."

निघालो. टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी प्रत्येक जण थांबला. खिडकीला फळ्या ठोकलेल्या, कार्ड पंच करायचं मशीन केव्हाच काढून नेलेलं. तरी उजवा हात वर जायचा, पाय क्षणभर थांबायचे, मग पुढं. मीही थांबलो. वर्षालीनं कपाळाला हात लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"थांबू नका म्हटलं होतं ना, काका."

दुसऱ्यांदा चाललो. पुन्हा तेच.

"आमी न्हाई थांबत, पोरी," कोंडाजी म्हणाले. "पाय थांबत्यात."

वेळ संपली. रखवालदारानं कुलूप लावलं. 

रविवारी सकाळी तिचा फोन आला, या म्हणून. गेलो. पडद्यावर आमची शेड होती, पण दुधात धरल्यासारखी. छपराचे करवती दाते उन्हात विरघळलेले. वाटेवर माणसांचा फिकट धूर. आणि खिडकीपाशी एक माणूस, ठसठशीत. आम्ही बावीस जण एकाच जागी उभे राहून एक झालो होतो. चेहरा कुणाचाच नाही. खांदे भरलेले, उजवा हात वर. बघता बघता वाटलं, भोंगा आत्ताच वाजून गेलाय.

"यात बाबा नाहीत," वर्षाली म्हणाली.

"त्या माणसाच्या पायाखालची फरशी मोठी करून बघ."

तिनं केली. फरशी तिथं खोलगट झिजली होती.

"एवढी झिजायला तीन-तीन शिफ्टचे पाय लागले. त्यात तुझा बाप सत्तावीस वर्षं. काल आम्ही तिथंच थांबलो."

 तिनं उठून तिपाई उचलली.

शेडवर रखवालदार कुरकुरला, पण दहा मिनिटं दिली. खडूच्या खुणा शाबूत होत्या. तिपाई बसवून तिनं मला कॅमेऱ्यामागे उभं केलं.

"हळू दाबा, काका. कॅमेरा हलायला नको."

"लेथवरच्या माणसाला हात स्थिर ठेवायला शिकवतेस?"

ती वाटेनं चालत आली. खिडकीपाशी थांबली. पाय त्या खोलगट जागेत ठेवून उजवा हात वर केला. मी बटण दाबलं. ती पुढं जाईना. मग मीही दाबत राहिलो.

ते फोटोही मिसळलेलं चित्र आता तिच्या घरात भिंतीवर आहे. त्या माणसाच्या खांद्यावर ओढणीची अंधुक कड दिसते. ती काढून टाकायला वर्षालीला मिनिटभरही लागलं नसतं. तिनं काढलेली नाही.