गाळून घेतलेलं द्रावण

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण शेवटपर्यंत सांगवेल का — माहीत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. आई पाथर्डीकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि मी इस्त्रीची पँट घालून द्रावणं करत होतो. विभागप्रमुख सरांनी मला गरिबाचं पोर म्हणून हाताशी धरलं होतं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. म्हणूनच तर —

नाही, क्रमाने सांगतो.

कुसुम कोल्हारची. सरांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होती. मोड आलेल्या ज्वारीतून ती एक एन्झाइम काढायची, आणि मॅग्नेशियम व फ्लोराइड एकत्र दिल्यावर त्याचं काम कितपत थांबतं ते मोजायची. ती द्रावणं करून देणं माझ्याकडे होतं. फ्लोराइड काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवायचं. आणि पाणी डिस्टिल्डच हवं. विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरतं आणि दोघांचा पांढरा साका होऊन तळाशी बसतो. मग बाटलीवर चिठ्ठी काहीही असो, आत फ्लोराइड थोडंच उरतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक नसतं तर आज मी हे सांगायला बसलो नसतो.

तिच्या वडिलांनी तिला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती. काम जमलं तर शिक, नाहीतर स्थळ बघून ठेवलंय. हे तिने मलाच सांगितलं होतं, डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवत. मला ती भाऊ म्हणायची.

डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र थंड ठेवायला बरंच पाणी लागतं, आणि नळ कोरडे पडले होते. फाटकाबाहेर टँकर यायचा. शिपाई गावी गेला होता, म्हणून मीच हंडा घेऊन निघालो. रांगेत सगळ्या बाया.

"सरका गं, सायबाला मोरं येऊ द्या," एक म्हणाली. "लई शिकल्यात. हंडा उचलंल का न्हाई, देव जाने."

"डोईवर ठेवाया चुंबळ देऊ का, सायेब?" दुसरी म्हणाली, आणि रांग हसली.

त्यांनी हसता हसता जागाही करून दिली होती. मी मात्र रिकामा हंडा घेऊन परत फिरलो. माझी आई त्याच वेळी अशाच कुठल्या रांगेत उभी असेल, हे मनात आलं नाही का? आलं. तरी फिरलो.

आवारातल्या विहिरीच्या तळाला बादलीभर मचूळ पाणी होतं. यंत्राला ते पुरलं नसतं, द्रावणाला पुरलं. फ्लोराइड घातलं तसं ते दुधाळ झालं. मी ते पाहिलं — समजून पाहिलं. गाळणकागदातून गाळलं. नितळ झालं. चिठ्ठी लावली. पुढेही तसंच करत राहिलो. कधी नळाला पाणी आलंच तर डिस्टिल्ड, नाहीतर हे.

दुष्काळामुळे असं झालं, असं मी कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. पण पाणी होतं. टँकर उभा होता.

कुसुमचे आकडे जुळेनात. एका आठवड्यात एन्झाइम थांबे, पुढच्या आठवड्यात तेवढ्याच द्रावणाला दाद देत नसे. ती पुन्हा ज्वारी भिजवी, पुन्हा मोजी. तिचे डोळे खोल गेले होते, आणि मी तिला रोज नवी बाटली भरून देत होतो. कसा देत होतो?

शेवटी सरांनी दोघांना बोलावलं. मला विचारलं, "द्रावणं डिस्टिल्डमध्येच केलीस ना?"

"हो सर," मी म्हणालो.

आणि तीच पुढे म्हणाली, "भाऊंचं द्रावण नेहमी नितळ असतं, सर. माझ्याच हातात काहीतरी चुकतंय."

हे काम तुझ्या हातचं नाही, असं सर तिला म्हणाले. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडंही होतं माझं — कशाला भ्यालो? नोकरी जाईल म्हणून? सरांच्या नजरेतून उतरेन म्हणून? की त्या एका हंड्याची गोष्ट सांगावी लागेल म्हणून?

जाताना तिने सगळ्या नळ्या धुऊन पालथ्या मांडल्या. "भाऊ, तुम्हाला उगाच त्रास दिला," म्हणाली. कोल्हारला गेली आणि महिन्याभरात तिचं लग्न झालं.

त्याच्या आधीच, ती गेल्यावर दोन-चार दिवसांत, मी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो होतो. कोणी हसलं नाही. यंत्र चालवलं, डिस्टिल्ड पाण्यात द्रावण केलं. फ्रीजमध्ये तिचं थोडं एन्झाइम उरलं होतं, त्यात ते घातलं. एन्झाइम थांबलं — तिने पहिल्यांदा मोजलं होतं, नेमकं तिथेच. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच.

सर शेजारच्या खोलीत होते. मधलं दार उघडं होतं. मी नळी धुतली आणि तिच्या नळ्यांच्या ओळीत पालथी ठेवली.